उत्तम गुंठा, मध्यम भाडे, कनिष्ठ शेती?

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत कोणत्या ना कोणत्या निबंधात घातलेली आहे. ती घातली की गुरुजी एखादा गुण अधिक देत असत. परंतु आज आमच्या खेड तालुक्यात, त्यातही चाकणच्या आसपासच्या एखाद्या गावी, पारावर बसून ही म्हण मोठ्याने म्हणून पाहावी. ऐकणारे हसतील, आणि त्यांतला एखादा स्पष्टवक्ता सांगेल, “बाळ, ते जुनं झालं. आता उत्तम गुंठा, मध्यम भाडं आणि कनिष्ठ शेती!” या नव्या क्रमात नोकरीला तर जागाच नाही. सात महिने झाले की ‘ब्रेक’ देणाऱ्या कंत्राटी कामाला नोकरी म्हणावे असे आता कोणाला वाटत नाही.

मला या लेखात एवढेच सांगायचे आहे की ही नवी म्हण आपल्याला बुडवणारी आहे. जमीन विकून आलेला पैसा म्हणजे धंदा नव्हे. आणि खोल्यांचे भाडे म्हणजेही पुरता धंदा नव्हे. शहर आपल्या बांधापर्यंत आले आहे, ते आता मागे फिरणार नाही. प्रश्न इतकाच आहे की या वाढत्या मुलखात आपण धंदा करणारे म्हणून राहणार, की जमीन विकून मोकळे झालेले म्हणून राहणार?

ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पुणे जिल्ह्यातल्या या एकाच तालुक्यात पश्चिमेला भीमाशंकरचे जंगल आहे आणि दक्षिणेला इंद्रायणीकाठची आळंदी आहे. तालुक्याचे मुख्य गाव खेड. १९३१ साली भगतसिंग व सुखदेव यांच्यासह फाशी गेलेल्या हुतात्मा राजगुरूंचे ते जन्मगाव, म्हणून आज त्याला राजगुरुनगर म्हणतात. पुणे–नाशिक रस्ता आणि तळेगाव–शिक्रापूर रस्ता जिथे एकमेकांना छेदतात तिथे चाकण आहे. तिथला भुईकोट संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला. एवढासा किल्ला, पण दोन महिने! आज त्याच परिसरात वाडवडिलांचे शेत हातचे जायला दोन बैठका पुरतात.

चाकण पूर्वी ओळखले जाई ते कांद्याच्या बाजारासाठी. तो बाजार आजही आहे. परंतु १९९९ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, २००९ साली फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ आल्या, २०१० साली महिंद्रचा कारखाना झाला. त्यांच्यामागे त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहानमोठे कारखाने आले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, खालुंब्रे, सावरदरी, वराळे, भांबोली ही गावे पूर्वी बाजरी आणि ज्वारीची होती. आता तिथल्या रस्त्यांवर कंटेनरची रांग असते. चाकणची ग्रामपंचायत जाऊन २०१५ साली नगरपरिषद झाली. हे सगळे आमच्या पिढीच्या देखत घडले. मी बालवाडीत जात होते तेव्हा आमच्या गल्लीत जितकी माणसे होती, त्याच्या कितीतरी पट माणसे आज त्याच गल्लीतल्या पत्र्याच्या खोल्यांतून राहतात.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण उत्पादनाचे चार घटक शिकतो: भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजन. भूमीला मिळतो तो खंड, श्रमाला वेतन, भांडवलाला व्याज आणि संयोजकाला नफा. परीक्षेपुरते हे पाठ करून सोडून देण्यासारखे वाटते. पण मी हे चार घटक घेऊन आमच्या गावात एक फेरी मारली, तेव्हा मला धक्काच बसला. श्रम विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला. भांडवल बाहेरचे. संयोजक बाहेरचा. आमचे घटकांपैकी काय? तर फक्त भूमी! आणि त्या भूमीचाही आम्ही खंड घेत नाही, तर किंमत घेतो. खंड दर वर्षी मिळतो. किंमत एकदाच मिळते.

बरे, सगळ्या जमिनी आम्ही स्वखुशीने विकल्या असेही नाही. औद्योगिक विकास महामंडळाने १९६१ च्या कायद्याखाली ज्या जमिनी संपादन केल्या, तिथे शेतकऱ्याला नको म्हणायला जागा फारशी नव्हती. आमच्या आजोबांच्या चार एकरांपैकी दोन एकर अशाच गेल्या. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात शेरा पडला की जमीन आपली असूनही आपली राहत नाही, हे आजोबांनी पाहिले. पुढे संसदेने २०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा केला, तो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला, आणि मोबदल्याची रक्कम वाढली. ही चांगली गोष्ट झाली. पण मोबदला वाढला म्हणून तो टिकला असे होत नाही. थोडा मोबदला थोड्या दिवसांत संपतो, मोठा मोबदला मोठ्या गाडीत बसून जातो, एवढाच फरक.

मी येथे ‘गुंठामंत्र्यां’ची टिंगल करणार नाही. ती सोपी आहे, आणि शहरातली मंडळी ती पुष्कळ करतात. गळ्यात साखळी, दारात पांढरी गाडी, बैलगाडा शर्यतीच्या घाटात फेटा बांधून उभा असलेला पाटील हे चित्र सिनेमावाल्यांनाही आवडते. शर्यतींवर २०१४ साली बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात ती उठली, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मान्यता देणारा राज्याचा कायदा कायम ठेवला. त्यानंतर बैलांच्या किमती जशा वाढल्या तशा जमिनीच्या पैशाला वाटाही वाढल्या, हे खरे. परंतु शेतकरी जमीन का विकतो हे हसणाऱ्यांनी विचारलेले नाही. कांदा काढणीला आला की भाव पडतो. भाव चढतो तेव्हा निर्यात बंद होते. २०२३ च्या डिसेंबरात झाली तशी. घरात आजारपण येते, मुलीचे लग्न येते, सोसायटीचे कर्ज थकते. अशा वेळी दारात उभा राहिलेला एजंट हा देवदूतच वाटतो. तो म्हणतो, “इसार आत्ताच घ्या, बाकी खरेदीखताला.” उपाशी माणसाला ताट दाखवून उपवासाचे महत्त्व सांगणे मला जमणार नाही.

पण ही विक्री कशी होते ते मात्र सांगितले पाहिजे, कारण त्यात सर्वांत मोठी फसवणूक घरातल्या बायकांची होते. आमच्या घरी २०१६ साली वीस गुंठे विकले गेले. वडिलोपार्जित जमीन, म्हणून घेणाऱ्याला आत्यांच्या सह्या हव्या होत्या. एजंटाने दोन्ही आत्यांना सासरहून स्वतःच्या गाडीतून आणले, वाटेत नाश्ता दिला. निबंधकाच्या कचेरीत थोरल्या आत्याने विचारले, “कशावर सही करायची हाय?” तो म्हणाला, “आत्याबाई, वाचून काय करताय? सगळ्यांनी केलीय. घरचंच काम हाय.” आत्यांना एकेक साडी मिळाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली दिला. पण आमच्याकडे त्या हक्काची किंमत एक साडी आणि एक प्लेट मिसळ एवढीच ठरली. आत्यांना मी याबद्दल विचारले तेव्हा धाकटी आत्या म्हणाली, “भावाचं घर बंद करून घेऊ का गं? माहेर जमिनीपेक्षा मोठं असतं.” यावर मला उत्तर सुचले नाही. परंतु माहेर टिकवायचे तर बहिणीनेच गप्प बसायचे, हा कोणता न्याय?

त्या वीस गुंठ्यांचा पैसा कसा गेला? घराला स्लॅब पडला, ताईचे लग्न झाले, एक जुना ट्रॅक्टर आला आणि डिझेल परवडेना म्हणून गेला. यांतला एकही खर्च उधळपट्टीचा नव्हता. तरीही चार वर्षांत हिशेब संपला. यावरूनच माझे मत बनले की दोष केवळ उधळेपणाचा नाही. पैशाला काम नसेल तर पैसा बसून खातो, आणि बसून खाणाऱ्याला कुबेरही पुरत नाही.

आता घरात शेवटचे तीस गुंठे उरले आहेत, आणि त्यांचीही बोलणी चालू आहेत. दादाचे म्हणणे असे की ते विकून हायवा घ्यावा आणि मुरूम-खडीची वाहतूक करावी. आण्णांचा निर्णय होत नाही. मी एकोणीस वर्षांची आहे, म्हणजे या वेळी माझीही सही लागणार आहे. घरात मी सांगून टाकले आहे की मी वाचल्याशिवाय सही करणार नाही आणि वाचून पटल्याशिवायही करणार नाही. दादा रागावला आहे. “दोन वर्षं कॉलेजात गेली तर वकील झाली का?” असे तो म्हणतो. त्याचे चुकते असे मी म्हणत नाही. त्याला धंदा करायचा आहे, ही तर चांगलीच गोष्ट आहे. माझा वाद एवढाच आहे की धंद्यासाठी मूळच विकून टाकले तर धंदा बसल्यावर परत यायचे कोठे?

यात एक कायद्याची गोष्टही आहे, जी एजंट कधी सांगत नाही. १९४८ च्या कूळ कायद्याच्या ६३ व्या कलमाने शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेण्यास परवानगीशिवाय मनाई केली आहे. म्हणजे शेवटचा तुकडा विकला, की पुढे आपल्यालाच शेतजमीन घ्यायची झाली तर ‘शेतकरी असल्याचा दाखला आणा’ म्हणून अडवले जाण्याची पाळी येते. ज्यांच्या चौदा पिढ्या मातीत गेल्या त्यांच्या मुलांना आपण शेतकरी असल्याचा पुरावा शोधत फिरावे लागावे, यापरते दुर्दैव कोणते?

शिवाय गुंठ्या-गुंठ्याने विकलेल्या जमिनीवर पुढे काय उभे राहते तेही पाहावे. एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, १०८९ चौरस फूट. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने अशा लहान तुकड्यांच्या व्यवहारांवर बंधने घातली. व्यवहार मात्र इसार पावतीवर आणि नोटरीवर होतच राहिले. ते इतके झाले की २००१ साली राज्याला जो कायदा करावा लागला त्याच्या नावातच ‘गुंठेवारी’ हा शब्द आला! अशा वस्तीला रस्ता बोळाएवढा, गटार उघडे, पाणी टँकरचे. तिथे राहणारा कामगार आपल्यासारखाच कुणाच्या तरी गावाहून आलेला असतो. त्याला आपण ‘बाहेरचा’ म्हणतो, आणि त्याच्याच भाड्यावर आपली चूल पेटते.

आता भाड्याविषयी. विक्रीपेक्षा भाडे शतपटीने बरे, हे मी मान्य करते. आमच्याही चार खोल्या आहेत. पण भाडे घेणाऱ्याला एक वाईट सवय लागते; त्याला सकाळी उठण्याचे कारण उरत नाही. तळेगाव चौकापासून आंबेठाण चौकापर्यंत चालत जावे आणि दुकाने पाहत जावीत. हार्डवेअरचे दुकान राजस्थानी माणसाचे, टायरचे केरळच्या माणसाचे, फर्निचरचे उत्तर प्रदेशातल्या माणसाचे. गाळा मात्र आपला. म्हणजे खंड आपल्याला आणि नफा त्यांना! यात त्यांचा अपराध काहीच नाही. ते सकाळी लवकर शटर उघडतात, उधारीची वही रोज लिहितात, आणि भावाचा मुलगा आणून त्याला गल्ल्यावर बसवण्यापूर्वी दोन वर्षे माल उचलायला लावतात. आपली मुले गल्ल्यापासूनच सुरुवात करू पाहतात.

आणि आपल्याकडे ज्याला ‘स्थानिकांचा धंदा’ म्हणतात तो कोणता? कारखान्याच्या दारात उभे राहून भंगाराचा, पाण्याच्या टँकरचा किंवा मजूर पुरवण्याचा ठेका मागणे. त्यांत सचोटीने काम करणारे आहेत, मी त्यांना ओळखते. पण ‘जमीन आमची होती, म्हणून ठेका आमचा’ एवढ्याच बळावर जो धंदा उभा असतो तो धंदा नसून वसुली असते. जो माल चांगला देतो म्हणून त्याला बोलावले जाते तो व्यापारी. ज्याला भिऊन बोलावले जाते त्याची पाळी आज ना उद्या संपते, आणि त्याच्यामागून येणाऱ्या दहा होतकरू पोरांची दारेही तो बंद करून जातो.

मग खरा धंदा कसा असतो? मला दूर जावे लागत नाही. आमची आई सात वर्षांपासून खानावळ चालवते. सुरुवात झाली ती आमच्याच खोल्यांत राहणाऱ्या लातूरकडच्या पाच मुलांच्या डब्यांपासून. आज रोजचे पंचेचाळीस डबे जातात. दोन वेळचे जेवण, महिना तीन हजार रुपये. पहाटे चारला कणीक मळली जाते. शेजारच्या दोन बायका पोळ्या आणि भाकरी करायला येतात. पंचेचाळीस गुणिले तीन हजार म्हणजे एक लाख पस्तीस हजार, असे ऐकून पाहुणे डोळे विस्फारतात. पण त्यातून किराणा, भाजी, गॅस, दोघींचा पगार आणि डबे पोचवणाऱ्या पोराचे पेट्रोल वजा करावे. मग मुले गावी गेली की त्यांचे खाडे वजा करावेत. मग पगार घेऊन न सांगता खोली सोडून गेलेल्यांची बुडीत वजा करावी. हातात तीस हजार उरले तर महिना चांगला गेला म्हणायचे. हे तीस हजार जमिनीच्या पैशासारखे एकदम येत नाहीत. पण ते दर महिन्याला येतात, आणि मुख्य म्हणजे ते आईला येते त्या विद्येतून येतात. ती विद्या कुणी साठेखत करून घेऊन जाऊ शकत नाही.

पहिली काही वर्षे आईचा सगळा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी होता. मी अकरावीत गेल्यावर वही घातली: कोणाचे किती दिवस, किती खाडे, किती बाकी. पुढच्या वर्षी उद्यमची नोंदणी केली, अन्न सुरक्षेची नोंदणी केली. घरातले सगळे म्हणाले, “हे कागद कशाला? आपली काय फॅक्टरी हाय?” त्याचे उत्तर गेल्या वर्षी मिळाले. एका मजूर ठेकेदाराच्या माणसांना आम्ही तीन महिने डबे दिले आणि त्याने बासष्ट हजार रुपये थकवले. आई त्याच्या दारी चार वेळा गेली. तो तिला वहिनी म्हणून चहा पाजी आणि पुढची तारीख देई. मी वाचले होते की लघुउद्योगांसाठी २००६ साली केलेल्या कायद्यात नोंदणीकृत लहान व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत देण्याचे बंधन आहे, आणि न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तेवढे कलम घालून, बिलांच्या प्रती जोडून, मी आईच्या सहीने साध्या मराठीत एक पत्र लिहिले. पंधरा दिवसांत चाळीस हजार आले. उरलेले बावीस हजार अजून यायचे आहेत. पण तो आता तारखा देत नाही, हप्ते देतो.

हे मी फुशारकीसाठी सांगत नाही. बी.ए. होऊन काय करणार, असे आम्हां कला शाखेच्या मुलांना जो तो विचारतो. त्यांना मला सांगावेसे वाटते की अर्ज वाचता येणे, पत्र लिहिता येणे, कायद्याचा अर्थ लावता येणे आणि कशावर सही करायची नाही ते कळणे, हीच आमच्या गावात आज सर्वांत महाग विद्या आहे. एजंटाचा सगळा धंदा आपल्या न वाचण्यावर चाललेला आहे!

चाकणच्या बाजाराला महात्मा फुले यांचे नाव आहे. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला हे आपण अभ्यासक्रमात वाचतो. पण ते स्वतः पुण्याच्या एका ठेकेदारी कंपनीत भागीदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी सामान पुरवले, हे आपण सहसा सांगत नाही. शाळा काढणारा माणूस ठेकाही घेत होता. शेतकऱ्याच्या मुलाने व्यापारात शिरावे आणि तोही अक्षरओळख घेऊन, डोळे उघडे ठेवून, हे त्यांनी बोलून नव्हे तर करून दाखवले. बाजाराला त्यांचे नाव देऊन आपण मोकळे झालो. त्यांचा धडा घ्यायचा राहिला.

दुसरे उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच, हडपसरच्या मगरपट्ट्याचे. तिथल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांहून अधिक जमीन सुटी सुटी न विकता एकत्र केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीचे भाग घेतले, आणि सन २००० च्या सुमारास तिथे स्वतःच नगर वसवायला घेतले. शेतकऱ्यांची मुले तिथे ठेकेदार झाली, व्यावसायिक झाली. कोणी म्हणेल, त्यांची जमीन सलग होती, गणगोत एक होते, शहर तर अंगणातच होते. आमचे तीस गुंठे घेऊन आम्ही कोणते नगर वसवणार? आक्षेप खरा आहे. मगरपट्टा जसाच्या तसा उचलून खेड तालुक्यात ठेवता येणार नाही. पण त्यातले सूत्र उचलता येते: जमीन हा माल नाही, भांडवल आहे. माल विकायचा असतो. भांडवल कामाला लावायचे असते. दहा भावकीची तीस-तीस गुंठे एकत्र आली तर साडेसात एकर होतात. साडेसात एकर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणारा माणूस आणि तीस गुंठे विकणारा माणूस, यांच्याशी कारखानदार सारख्या आवाजात बोलत नाही.

आमच्या तीस गुंठ्यांविषयी मी घरात मांडलेली योजना याहून लहान आहे. कायदेशीर परवानग्या घेऊन दहा गुंठ्यांवर खानावळीची नीट शेड घालावी. वीस गुंठ्यांत मेथी, शेपू, कोथिंबीर, पालक, वांगी करावीत. पहाटे काढलेली मेथीची जुडी दुपारच्या डब्यात जाईल आणि उरलेली बाजारात. शहराजवळच्या शेतीचे बळ हेच की तिच्या भाजीला प्रवास नाही. दादाने हायवाऐवजी आधी एक जुना छोटा टेम्पो घ्यावा आणि डबे शंभरावर न्यावेत. यात दरवर्षी किती मिळेल याचा हिशेब मी दोन पानांवर मांडून आण्णांना दिला आहे. आकडा मोठा नाही. एजंटाच्या आकड्यापुढे तर तो केविलवाणाच दिसतो. पण एजंटाचा आकडा एकाच वर्षाचा आहे, आणि माझ्या पानांवर वीस वर्षे आहेत.

आता शेवटचे, आणि ते आपल्या महाविद्यालयाविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एका गावात भरते. आपण रस्ता झाडतो, झाडे लावतो, पथनाट्य करतो. ही कामे चांगलीच आहेत. परंतु एखाद्या वर्षी आपण एक गाव घेऊन घरोघर जावे आणि तीनच प्रश्न विचारावेत: जमीन किती गेली, पैसा कशात गेला, आज घर कशावर चालते? अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रश्नावली करून द्यावी, मराठीच्या विद्यार्थ्यांनी लोकांचे बोलणे जसेच्या तसे उतरवून घ्यावे. नावे छापू नयेत, आकडे छापावेत. औद्योगिक वसाहतीत किती कोटींची गुंतवणूक झाली हे वर्तमानपत्रांतून वारंवार येते. ज्यांच्या शेतांवर ती वसाहत उभी आहे त्यांचे काय झाले हेही एकदा छापून येऊ दे. दुसरे असे की आठवड्यातून एक दुपार आपल्यापैकी चार-पाच जणांनी वाचनालयात बसावे आणि गावाकडून कोणी खरेदीखत, इसार पावती, हक्कसोडपत्र किंवा नोंदणीचा अर्ज घेऊन आले तर सहीपूर्वी ते त्यांना वाचून दाखवावे. सल्ला देण्याचा अधिकार आपल्याला नाही, तो वकिलाचा. पण वाचून दाखवायला कोणाची परवानगी लागत नाही.

माझ्याप्रमाणे आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच कॉलेजात आलेले आहेत. आपल्याला इथवर पोचवायला कुणाचे तरी दोन-चार गुंठे गेलेले आहेत, कुणाची तरी गाय गेलेली आहे. ती परत आणता येणार नाहीत. पण आपल्या मागून येणाऱ्या धाकट्या भावंडांना ‘आमची इथे जमीन होती’ एवढेच सांगायची पाळी येऊ नये, इतके तरी आपल्या हातात आहे. गुंठ्याचा भाव दर वर्षी वाढतो आहे, आणि तो ठरवायला पुष्कळ लोक बसले आहेत. माणसाचा भाव मात्र ज्याने त्याने आपल्या कामाने ठरवायचा असतो. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या सुट्टीत घरी गेलात की सातबारा मागून घ्या, शांतपणे वाचा, आणि त्यावर आपले नाव कुठे आहे ते पाहा. नसेल, तर ते का नाही हे आधी विचारा.

— द्वितीय वर्ष, कला